भाचा २३ चा झाला म्हणून क्लबनं सोडला का? पगाराची कॅप आणि वयाचं गणित

मामा, तुम्ही विचारलंय ते असं की भाचा २३ पूर्ण करून २४ व्या वर्षात लागलाय, ६ सीझन कोल्हापुरात पेठेतल्या तालमीकडनं, म्हणजे पेठेच्या टीमकडनं, फुटबॉल खेळलाय, एका प्रोफेशनल क्लबनं त्याला ३ आठवडे ट्रायलला ठेवून घेतला, कोच तोंडभरून बोलला, आणि शेवटी साईन केला १९ वर्षाचा एक पोरगा जो प्रॅक्टिसला भाच्यासमोर टिकत नव्हता. वर मॅनेजर म्हणाला बजेट नाही, आणि त्याच आठवड्यात ३४ वर्षाचा फॉरेनर विमानतळावर उतरला. मग ही सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या पगाराला घातलेली वरची मर्यादा, खरंच असते, का गरिबाच्या पोराला वाटेला लावायला काढलेलं कारण आहे, हा तुमचा प्रश्न.

कॅप खरी असते. आणि भाचा खेळात कमी पडला म्हणून त्याला सोडला असं मला अजिबात वाटत नाही. मी तालमीकडनं ९ सीझन स्टॉपर, म्हणजे गोलपुढचा मधला बचावपटू, खेळलो, गुडघा गेल्यावर प्रोफेशनल क्लबात टीमच्या ऑफिसला लागलो आणि १४ वर्षं रजिस्ट्रेशन, करार, पगाराचं कोष्टक हेच काम केलं, आता परत कोल्हापुरात पोरांना शिकवतोय. त्यामुळं पेठेत पोरगा कसा मोठा होतो तेही बघितलंय आणि बंद खोलीत त्याचं नाव यादीतनं कसं खोडलं जातं तेही बघितलंय. दुसरी गोष्ट बघताना लई त्रास व्हायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा आणि भाच्यालाही वाचायला द्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्याला वाटतं क्लब चांगले खेळाडू गोळा करतो आणि मग टीम होते. तिथं उलट चालतं, आधी जागा मोजतात. किती फॉरेनर, किती सीनियर भारतीय, किती डेव्हलपमेंटची, म्हणजे अजून घडणारी तरुण पोरं, प्रत्येक जागेला किती पैसे, असं कोष्टक सीझनच्या आधीच भरलेलं असतंय आणि मग त्या चौकटीत बसणारा माणूस शोधतात. कोच "हा पोरगा पाहिजे" म्हणतो तेव्हा ऑफिसातला माणूस पहिला प्रश्न विचारतो की कुठल्या जागेवर? तो प्रश्न १४ वर्षं मीच विचारायचो. आणि जागा कुठली ते ठरतं दोन गोष्टींवर, पासपोर्ट आणि जन्मसाल.

आयएसएलचंच, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगचंच घ्या. तिथं पूर्ण टीमच्या पगाराला वरची मर्यादा असते, काही वर्षं हा आकडा १६.५ कोटी रुपये होता. ऐकायला डोंगराएवढा वाटतो. आता माझ्याबरोबर बसून वाटून बघा, वाटणीचे आकडे मी समजायला धरतोय, कुठल्या क्लबचे नाहीत. ६ फॉरेनरना मिळून साडेआठ कोटी गेले समजा, उरले ८ कोटी. त्यातनं नाव असलेले ५ भारतीय, म्हणजे एक गोलकीपर, एक स्टॉपर, एक साईड बॅक, एक मिडफिल्डर, एक विंगर, प्रत्येकी ८० लाख, झाले ४ कोटी. उरलेल्या ४ कोटीत अजून ८ जण असे पाहिजेत जे कधी सुरुवातीला खेळतील कधी बदली उतरतील, त्यांना प्रत्येकी ३० लाख, म्हणजे २ कोटी ४० लाख. राहिले १ कोटी ६० लाख आणि माणसं पाहिजेत अजून ८. इथं दोन रस्ते आहेत. एक, २४ ते २७ वयाचे ८ तयार गडी घ्या, प्रत्येकी २० लाख, पैसे संपले. दुसरा, १९-२० ची ८ पोरं घ्या प्रत्येकी ६ लाखात, ४८ लाखात काम झालं आणि १ कोटी १२ लाख हातात उरले. त्या १ कोटी १२ लाखात बरा फॉरेनर सोडून चांगला फॉरेनर येतो. स्ट्रायकर ५ गोल करणार का १२ करणार, हा फरक क्लबला तिथं दिसतो.

तुमच्या भाच्याचा ३४ वर्षाचा फॉरेनर बहुतेक त्या वाचलेल्या पैशातनंच आलाय मामा. मॅनेजर खोटं बोलला नाही, त्यानं पुरतं सांगितलं नाही एवढंच. बजेट होतं, पण भाच्याच्या जागेसाठी नव्हतं.

आणि ती शेवटची ८ माणसं किती खेळतात? खरं सांगायचं तर फार कमी. शेवटच्या १० मिनिटाला उतरायचं, कपच्या एखाद्या मॅचला चान्स मिळायचा. तिथं २४ चा तयार गडी ठेवला काय आणि १९ चा कच्चा ठेवला काय, या सीझनच्या पॉइंटात मोठा फरक पडत नाही. पण १९ चा दोन वर्षांनी पिकू शकतो, दुसरा क्लब पैसे मोजून त्याला घेऊ शकतो, शिवाय डेव्हलपमेंट खेळाडूंच्या अटीही पूर्ण होतात. २४ च्या पोराकडं क्लब "आज किती कामाचा" एवढंच बघतो, आणि तो आज पहिल्या ११ त बसत नसेल तर ऑफिसच्या हिशोबात सगळ्यात महागडा माणूस तोच असतो. हे वाईट वाटतं, मलाही वाटायचं. एका वर्षी २६ वर्षाचा एक मिडफिल्डर, ट्रेनिंगला सगळ्यात आधी येणारा, ज्युनियर पोरांना स्वतःच्या खिशातनं बूट घेऊन देणारा, त्याचं नाव मी स्वतःच्या हातानं यादीतनं काढलं. कोचला तो पाहिजे होता. जागा नव्हती. त्यानं मला फोन करून विचारलं की माझं काय चुकलं, आणि सांगण्यासारखी त्याची एकही चूक नव्हती.

फॉरेनरचं वय का चालतं ते पण सांगतो, कारण ह्याच्यावर आपल्याकडं कट्ट्यावर लई वाद होतात. आयएसएल २०१४ ला सुरू झाली तेव्हा मैदानात एका वेळी ६ फॉरेनर चालायचे, २०१७-१८ ला ५ झाले, २०२१-२२ पासनं ४. जागा जशा कमी झाल्या तसा प्रत्येक फॉरेनरवरचा भार वाढला, चूक परवडेना. १९ चा फॉरेनर आणून त्याला इथल्या उकाड्यात शिकवत बसायला कोणाकडं वेळ नसतो, म्हणून क्लब तयार माणूस बघतात, आणि आपल्याला परवडणारा तयार माणूस बहुतेक ३० च्या पुढचाच मिळतो, कारण २६ वर्षाचा तेवढाच चांगला खेळाडू युरोप सोडून येतच नाही.

फ्रान्सच्या रॉबर्ट पिरेसचं उदाहरण मला कायम आठवतं. इंग्लंडच्या आर्सेनल क्लबात कोच आर्सेन वेंगरच्या काळात नियमच होता, वय ३० च्या पुढं गेलं की करार एकेका वर्षानंच वाढवायचा. पिरेस २००६ ला ३२ चा होता, त्याला जास्त वर्षाचा करार पाहिजे होता, क्लबनं दिला नाही, तो स्पेनला व्हियारेयालला गेला. हा माणूस २००३-०४ ला लीगमध्ये अख्खा सीझन न हरलेल्या टीमचा! आणि तोच पिरेस २०१४ ला वयाच्या चाळिशीत एफसी गोवाचा मार्की, म्हणजे टीमचा मोठ्या नावाचा, खेळाडू म्हणून आपल्याकडं आला. त्याच सीझनला दिल्लीकडं देल पिएरो ३९ चा, पुण्याकडं ट्रेझेगे ३६ चा. एका क्लबनं ज्या वयाला एक वर्षाच्या वर भरवसा ठेवला नाही, त्याच्यापेक्षा ८ वर्षांनी जास्त वयाला दुसऱ्या लीगनं बोर्डावर फोटो लावून पैसे दिले. लीग तरुण होती, तिला लोक स्टेडियमवर आणायचे होते. म्हणजे वयाची किंमत ठरलेली नसते, त्या लीगला त्या घडीला काय पाहिजे त्यावर ती ठरते.

पगार आणि वय ह्यांची गाठ सगळ्यात घट्ट कुठं बांधलीय बघायचं असेल तर अमेरिकेची एमएलएस बघा. मी ह्या कामाला लागलो तेव्हा त्यांचे नियम वाचून डोकं धरून बसायचो, पण एकदा समजलं की बाकी सगळ्या लीग सोप्या वाटतात. ती लीग १९९६ ला सुरू झाली आणि तिथं खेळाडूचा करार क्लबबरोबर नसून थेट लीगबरोबर असतो. २०२५ ला एका टीमचं पगाराचं बजेट ५९ लाख ५० हजार डॉलर होतं आणि ते पहिल्या २० खेळाडूंवर मोजतात, एकूण ३० जणांची यादी असते पण २१ ते ३० नंबरच्या जागा बजेटच्या बाहेर. म्हणजे एका माणसाला सरासरी ३ लाख डॉलरसुद्धा येत नाहीत. आणि एका खेळाडूचे बजेटमध्ये त्या वर्षी जास्तीत जास्त ७ लाख ४३ हजार ७५० डॉलर मोजले जायचे.

मग मेस्सी कसा बसला, हा प्रश्न आपल्या पेठेतल्या प्रत्येक अर्जेंटिनावाल्याला पडला होता. २००७ ला बेकहॅमला आणायला त्यांनी नियम काढला, डेझिग्नेटेड प्लेयर, लोक त्याला बेकहॅम रूलच म्हणतात. अशा खेळाडूला क्लब मालकानं स्वतःच्या खिशातनं कितीही पैसे द्यावेत, बजेटमध्ये ठरलेली वरची रक्कमच धरायची. मेस्सी २०२३ च्या जुलैत ३६ व्या वर्षी इंटर मायामीत गेला, तिथल्या खेळाडूंच्या संघटनेनं जाहीर केलेल्या आकड्यात २०२५ ला त्याची वर्षाची कमाई २ कोटी ४ लाख डॉलरच्या वर होती, पण कोष्टकात तो तेवढ्याच साडेसात लाखाच्या आतल्या आकड्यानं बसायचा. अशा जागा टीमला तीनच.

आता ह्यात वय कुठं येतं ते बघा, आणि हे मला खरंच हुशारीचं वाटतं. त्याच डेझिग्नेटेड जागेवर तुम्ही २१ ते २३ चा खेळाडू ठेवला तर बजेटमध्ये त्याचे मोजायचे फक्त २ लाख डॉलर, २० किंवा त्याच्या खालचा असला तर फक्त दीड लाख. म्हणजे लीगच क्लबला सांगते की म्हातारा स्टार आणा, आमचं काही म्हणणं नाही, पण तरुण आणला तर ५ लाखाच्या वर सूट. २०२१ पासनं अजून एक दार उघडलं, यू-२२ इनिशिएटिव्ह. २२ किंवा त्याच्या आतल्या पोराला साईन करा, त्याला विकत घ्यायला दुसऱ्या क्लबला कितीही पैसे मोजा, बजेटमध्ये तेच दीड किंवा दोन लाख, आणि तो २५ चा होईल त्या वर्षापर्यंत त्या जागेवर राहू शकतो. एवढ्या एका नियमानं क्लबांची नजर दक्षिण अमेरिकेतल्या १९-२० च्या पोरांवर गेली, कारण पोरगा पिकला की युरोपला विकता येतो आणि विकून आलेला पैसा परत टीमवर लावता येतो.

मग मधल्या वयाचं काय झालं? वरती ३ महागडे, खाली स्वस्तातली तरुण पोरं, आणि २६-२९ वयाचा साधा, कष्टाळू, दर आठवड्याला ९० मिनिटं धावणारा गडी उरलेल्या पैशात. त्याला कुठलीच सूट लागत नाही, त्याचा पूर्ण पगार बजेटवर पडतो. तुमचा भाचा आणि तिथला तो गडी, दोघांचं दुखणं एकच आहे.

हे नियम कागदावरचे शोभेचे असतात असं समजू नका. इंटर मायामीनंच २०२० ला फ्रान्सचा वर्ल्डकप विजेता मातुइदी ३३ व्या वर्षी आणला, तो खरा डेझिग्नेटेड जागेत मोजायला पाहिजे होता, पण क्लबनं त्याला वेगळ्या खात्यावर दाखवला. २०२१ ला लीगनं क्लबला २० लाख डॉलर दंड केला आणि पुढच्या दोन सीझनचे लीगकडनं मिळणारे वाटपाचे पैसे २२ लाख ७० हजारांनी कापले.

युरोपात कॅपचा प्रकार वेगळा, तिथं सगळ्यांना एक आकडा नसतो, ज्याची जशी कमाई तसा खर्च. युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, २०२५ पासनं ठरवलंय की खेळाडू आणि कोचचे पगार, ट्रान्स्फरचा वर्षाचा हप्ता, एजंटचे पैसे, सगळं मिळून कमाईच्या ७० टक्क्यांच्या आत पाहिजे. स्पेनची लीग तर सीझनच्या आधीच प्रत्येक क्लबला मर्यादा सांगते आणि तिच्यात बसत नसेल तर खेळाडूची नोंदणीच करून घेत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मेस्सी बार्सिलोनातनं रडत गेला ते आपण सगळ्यांनी बघितलं, ५० टक्के पगार कमी घ्यायची तयारी असूनही क्लब त्याची नोंदणी करू शकला नाही. ३४ वर्षाचा, जगातला सर्वात मोठा खेळाडू, आणि जागा नाही!

त्याच क्लबात त्या वर्षांत पोरं मात्र बसत होती. स्पेनमध्ये १ ते २५ नंबर सीनियर टीमचे, त्याच्या पुढचे नंबर बी टीमच्या नोंदणीवर खेळणाऱ्या तरुण पोरांचे. गावी नावाचा पोरगा ३० नंबर घालून खेळायचा, लामिन यमाल २७ नंबर घालून, कारण कागदावर ते बी टीमचे. गावीला सीनियर करार दिला तेव्हा लीग म्हणाली पगार बसत नाही, प्रकरण कोर्टात गेलं, २०२३ च्या सुरुवातीला त्याला ६ नंबर मिळाला, मग कोर्टाचा निकाल फिरला आणि तो परत ३० वर आला, आणि पुढच्या सीझनला पुन्हा ६ झाला. पाठीवरच्या नंबरावरनं क्लबच्या तिजोरीची हालत कळत होती. इंग्लंडमध्ये पण २५ जणांची यादी भरायची असते, पण २१ च्या आतल्या पोरांना त्या यादीत जागा लागतच नाही, ती कितीही ठेवा.

अजून एक वयाची गंमत ट्रान्स्फरच्या हिशोबात आहे. चेल्सीनं २०२३ च्या जानेवारीत एन्झो फर्नांडेसला १० कोटी ६८ लाख पौंडाला घेतला, करार साडेआठ वर्षाचा, ती रक्कम करारातल्या वर्षांवर वाटतात, म्हणजे वह्यांमध्ये खर्च दिसतो वर्षाला साधारण सव्वा कोटी पौंड. पोरगा २२ चा होता म्हणून हे जमलं. ३० च्या माणसाला साडेआठ वर्षाचा करार कोण देणार? मग युएफानं आणि पाठोपाठ प्रीमियर लीगनं नियम केला, करार कितीही वर्षाचा असू दे, खर्च ५ वर्षातच वाटायचा. पण तत्त्व तेच, जेवढी पुढची वर्षं जास्त तेवढं कागदावर ओझं कमी.

आता जरा आपल्या मातीत येतो, कारण मला मनापासनं जे बोलायचंय ते इथलं आहे.

आपल्या तालमींना कॅप नाही. पेठेची वर्गणी, मोठ्या माणसांची मदत, आणि जिंकायची ईर्षा. बाहेरचा खेळाडू आणायला सीझनचं मानधन ठरतं, लोकल पोराला पण नाव झालं की मानधन मिळतं, शाहू स्टेडियम भरतं, रात्रीत पोरगा हिरो होतो. हे मला प्यारं आहे, मी त्यातनंच आलोय, त्या गर्दीपुढं खेळायला मिळणं हे भाग्य आहे आणि भारतात अशी फुटबॉलवेडी गावं बोटावर मोजण्याएवढीच आहेत. पण ह्याच प्रेमात आमची पोरं १७ ते २२ ही वर्षं इथंच घालवतात. सगळं जग ज्या ५ वर्षाला सूट देतंय, नेमकी तीच ५ वर्षं. आणि सीझन संपला, पाऊस लागला की महिनोन्महिने मॅच नाही. मग २३ व्या वर्षी घरचे म्हणतात आता जरा बाहेर प्रयत्न कर, तेव्हा स्वस्तातल्या जागांचं दार मिटलेलं असतं.

अनिकेत जाधव बघा, आपल्याच कोल्हापूरचा, लहान वयात क्रीडा प्रबोधिनीत गेला, २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपला भारताकडनं खेळला, मग इंडियन अॅरोज, जमशेदपूर, हैदराबाद. त्याच्यात गुण होते हे तर आहेच, पण तो योग्य वयाला योग्य नोंदणीत होता. त्याच्या वयाची आपल्याकडं अजून गुणी पोरं होती, ती आज नोकरीच्या फॉर्मात स्पोर्ट्स सर्टिफिकेट लावतायत.

वयाचा विषय निघालाय म्हणून जन्मतारखेचं पण बोलतो. इथं लोक चिडतील तर चिडू देत. वयाला एवढा पैसा चिकटला की कागद बदलायचा मोह होतो. माझ्याकडं एकदा एक पोरगा आला, शाळेच्या दाखल्यावर एक साल आणि जन्म दाखल्यावर दुसरं, दोन वर्षाचा फरक. कुठल्यातरी शिबिरात कोणीतरी त्याच्या बापाला सांगितलं होतं की दोन वर्षं कमी लावा, फायदा होईल. पोराला काही माहीत पण नव्हतं. अंडर-१६, १७ ला हाडाची तपासणी होते, मनगटाचा एक्सरे काढून वय बघतात, त्यात गडबड दिसली आणि पोरगा त्या वयोगटातनं बाहेर. खेळाडू म्हणून तो खरंच चांगला होता. कृपा करून कोणीही हे करू नका, आणि कोणी सुचवलं तर त्या माणसापासनं पोराला लांब ठेवा.

त्याच्याच जोडीला, बहुतेक वयोगट १ जानेवारीला कापतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात, १२-१३ व्या वर्षी ११ महिन्याचा फरक म्हणजे उंचीत डोळ्यात भरणारा फरक. डिसेंबरचं पोर बारीक दिसतं म्हणून निवडीत मागं राहतं. पण पुढं एमएलएससारख्या लीगमध्ये वय जन्मसालावरच मोजतात, तिथं डिसेंबरवाल्याला काही जास्त मिळत नाही. आपल्या कोचनी तरी हे बघून पोरं निवडावीत.

जागेप्रमाणं पण वय वेगळं धावतं. विंगर आणि स्ट्रायकरचा वेग २७-२८ नंतर ओसरायला लागतो म्हणून क्लब त्यांना तरुणच बघतात. स्टॉपर आणि गोलकीपरला मात्र समज लागते, ती वयानं येते, ३२-३३ चा गोलकीपर कोणाला जड होत नाही, आणि २४ चा स्टॉपर म्हणजे अजून कोवळा मानतात. म्हणून तुमच्या भाच्याचं मी आधी हे विचारणार की तो खरंच स्ट्रायकरच आहे का? तुम्ही लिहिलंय उंची ६ फूट, हेडिंग चांगलं, डावा पाय चालतो. डाव्या पायाचा स्टॉपर किंवा लेफ्ट बॅक भारतात शोधून सापडत नाही. स्ट्रायकरच्या जागेवर बहुतेक क्लब फॉरेनर ठेवतात, म्हणजे भाचा ज्या रांगेत उभा आहे तिच्या पुढं आधीच दोन परदेशी माणसं उभी आहेत. जागा बदलली तर २४ वय म्हातारं राहत नाही. मी स्वतः दोन पोरांचं असं बदलताना बघितलंय, एकाला वर्ष लागलं, रडला, पण आज तो पगारावर खेळतोय.

दुसरं, आयएसएलच्या खाली पण फुटबॉल आहे. आय-लीग, आय-लीग २, कोलकात्याची लीग, गोव्याची, मुंबईची, २०२४ पासनं केरळची सुपर लीग. तिथं क्लबना आज जिंकून देणारा गडी पाहिजे असतो, तयार माणसाला तिथं किंमत आहे. एक अख्खा सीझन १५-२० मॅच सुरुवातीपासनं खेळला की व्हिडिओ तयार होतो, आकडे तयार होतात, मग २५ व्या वर्षी वरच्या क्लबात तो "मधला" म्हणून न जाता पहिल्या ११ तला म्हणून जातो, आणि पहिल्या ११ तल्या माणसाला वय कोणी विचारत नाही. शाहू स्टेडियमवरचे गोल मला माहीत आहेत, तुम्हाला माहीत आहेत, पण बाहेरच्या ऑफिसातल्या माणसाला त्याची तुलना करता येत नाही, त्याच्या कोष्टकात तो रकाना कोराच राहतो.

तिसरं, करार हातात आला की पगाराच्या आकड्याआधी वर्षं बघा. फिफाच्या नियमात करार जास्तीत जास्त ५ वर्षाचा, त्या देशाचा कायदा चालवून घेत असेल तरच त्याच्या वर, १८ च्या आतल्या पोराचा जास्तीत जास्त ३ वर्षाचा. आपल्याकडं पालक मोठा करार म्हटलं की खूष होतात. पण १८ व्या वर्षी ५ वर्षाचा कमी पगाराचा करार केला आणि खेळायला मिळालं नाही, तर बाहेर पडतो तेव्हा पोरगा २३ चा, स्वस्तातली वर्षं सगळी बाकावर गेली. तरुण पोराला २ किंवा ३ वर्षं, आणि लोनवर, म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या क्लबाकडं खेळायला, पाठवायची सोय लेखी. भाच्याच्या वयाला मी उलट सांगीन, पहिला करार १ वर्षाचा पण खेळायला मिळेल असा क्लब, मग पुढं २ वर्षं मागा. आणि ट्रायलसाठी पैसे मागणारा कोणीही भेटला तर तिथनंच परत फिरा.

तालमीच्या कारभाऱ्यांना पण एक विनंती. पोरांची नोंदणी दर वर्षी फेडरेशनच्या सिस्टीममध्ये नीट करा. फिफाचा नियम आहे, खेळाडूची दुसऱ्या देशात पैसे देऊन ट्रान्स्फर झाली की त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ ह्या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात, १२ ते १५ मधल्या एकेका वर्षाला पाव टक्का आणि १६ ते २३ मधल्या एकेका वर्षाला अर्धा टक्का. आपल्या पोराची अशी ट्रान्स्फर कधी होईल तेव्हा होईल, पण त्या दिवशी कागदावर नोंद नसली तर ज्या तालमीनं त्याला पहिले बूट दिले तिला एक रुपया मिळणार नाही. जगानं वयाच्या प्रत्येक वर्षाला किंमत लावलीय, आपण ती वर्षं लिहूनसुद्धा ठेवत नाही.

कॅप बरी का वाईट, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. इंग्लंडमध्ये १९०१ पासनं एकेका खेळाडूच्या पगाराला वरची मर्यादा असायची, सुरुवातीला आठवड्याला ४ पौंड, १९६१ ला तो नियम गेला तेव्हा आठवड्याला २० पौंड होती, स्टेडियमं भरायची आणि खेळाडू साध्या पगारावर. ती मर्यादा माणसावर होती, ती अन्यायाचीच होती. आताची टीमवरची आहे, तिच्यामुळं श्रीमंत मालक सगळे खेळाडू एकटा उचलत नाही आणि छोटे क्लब कर्ज काढून बुडत नाहीत, म्हणून मी तिच्या बाजूचा आहे. पण मधल्या वयाच्या लोकल खेळाडूला काहीतरी सूट पाहिजे. उदाहरणार्थ स्वतःच्या राज्यातला, क्लबात ३ वर्षं टिकलेला खेळाडू असेल तर त्याचा अर्धाच पगार कॅपमध्ये धरा. पोरांना सूट देता, स्टारला सूट देता, मग जो गडी टीमला चिकटून राहतो त्याला का नाही? हे मी क्लबात असताना बैठकीत दोनदा मांडलं होतं, कोणी मनावर घेतलं नाही, अजूनही मांडतोय.

भाच्याला येत्या शनिवारी सकाळी ७ ला ग्राउंडवर पाठवा. येताना जन्म दाखला, शाळेचा दाखला आणि त्या क्लबनं दिलेला जो काही कागद असेल तो घेऊन येऊ दे, आणि त्याला सांगा की पहिले दोन आठवडे मी त्याला मागंच खेळवणार आहे, स्टॉपरला.